न्यूरॉनच्या सिम्युलेशनमध्ये नॉइज घालताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत न्यूरॉन सिम्युलेशनचा प्रोजेक्ट करत असाल, तर आधी टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेशनची एकेक छोटी वेळ-पायरी, तपासा. बहुतेक घोळ तिथेच होतो. नॉइज, म्हणजे यादृच्छिक चढउतार, करंटमध्ये मिसळून सगळ्यालाच टाइमस्टेपने गुणलं जातं. व्हाइट नॉइजला (ज्यात प्रत्येक क्षणाचा चढउतार आधीच्यापेक्षा स्वतंत्र असतो) मात्र टाइमस्टेपच्या वर्गमुळाने गुणायचं असतं. नाहीतर टाइमस्टेप ०.१ वरून ०.०१ मिलिसेकंद करताच नॉइज सुमारे ३.२ पट घटतो आणि न्यूरॉनचे स्पाइक (विद्युत ठोके) उगाच नियमित दिसू लागतात.

लीकी इंटिग्रेट-अँड-फायर मॉडेलमध्ये (व्होल्टेज साठतं, थोडं गळतं आणि थ्रेशोल्ड ही मर्यादा ओलांडली की स्पाइक येतो) दर पायरीला व्होल्टेजमध्ये सिग्मा × √(२ × टाइमस्टेप ÷ टाऊ) × नॉर्मल रँडम संख्या एवढी भर घाला; सिग्मा म्हणजे नॉइजची ताकद, टाऊ म्हणजे व्होल्टेज विरण्याचा काळ. टाऊ २० मिलिसेकंद, सिग्मा ५ मिलिव्होल्ट आणि टाइमस्टेप ०.१ असेल, तर या भरीचं प्रमाण विचलन ०.५ मिलिव्होल्ट येतं. आता थ्रेशोल्ड काढून कोड चालवा. व्होल्टेजचं प्रमाण विचलन ५ च्या आसपास यायलाच हवं. येत नसेल तर पुढचा एकही आलेख काढू नका.

नॉइज शून्य ठेवूनही एकदा पाहा. रेस्टिंग (विश्रांतीचं व्होल्टेज) −७०, रिसेट (स्पाइकनंतरचं व्होल्टेज) −६०, थ्रेशोल्ड −५० आणि इनपुट २२ मिलिव्होल्ट असताना दोन स्पाइकमधलं अंतर ३५.८ मिलिसेकंद यावं. रिफ्रॅक्टरी काळ (स्पाइकनंतर न्यूरॉन गप्प राहतो तो वेळ) २ मिलिसेकंद धरला तर ३७.८.

फायरिंग रेटवरून (सेकंदाला किती स्पाइक) नियमितता ठरवू नका. समजा, वाशीच्या लोकल तासाला सहा आहेत. त्या दर दहा मिनिटांनी आल्या की तीन-तीन लागोपाठ आल्या, हे सरासरीत दिसत नाही. त्यासाठी सीव्ही काढा: अंतरांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी. शून्य म्हणजे अगदी नियमित, पॉयसाँ मालिकेत (स्पाइक पूर्णपणे यादृच्छिक असताना) १. पण वीस अंतरांवरचा सीव्ही पॉयसाँ मालिकेत सहज ०.२ ने इकडेतिकडे होतो. हजार अंतरं घ्या, फरक ०.०३ वर येतो. सुरुवातीचे ५०० मिलिसेकंद मोजू नका.

नॉइज वाढला की नियमितता घटणारच, हा समज फक्त इनपुट थ्रेशोल्डच्या वर असताना खरा ठरतो. इनपुट खाली असेल तर नॉइजशिवाय स्पाइक येतच नाहीत. अगदी कमी नॉइजवर ते क्वचित येतात आणि सीव्ही १ जवळ असतो. फिट्झह्यू-नागुमो या न्यूरॉनच्या दुसऱ्या सोप्या मॉडेलमध्ये नॉइज वाढवत गेल्यावर सीव्ही उतरतो आणि मग पुन्हा चढतो. पिकोव्स्की आणि कुर्ट्स या संशोधकांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. त्याला कोहिअरन्स रेझोनन्स म्हणतात. आलेखातला तो सुंदर खड्डा बग समजून पुसू नका! सिग्माच्या किमती लॉग स्केलवर घ्या, म्हणजे तो निसटणार नाही.

रँडम सीड (यादृच्छिक संख्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ट्रायलच्या, म्हणजे सिम्युलेशनच्या फेऱ्यांच्या, लूपबाहेर ठेवा. आत ठेवला तर प्रत्येक ट्रायलला तोच नॉइज येतो आणि एरर बार शून्य दिसतात.