पॉवर भरपूर, तरी एरर: नाशिक–सिन्नर फायबरचा माझा अनुभव

रिसीव्हरला पोहोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर व्यवस्थित, तरी डेटातल्या एरर थांबेनात. एसएफपी (प्रकाश पाठवणारे-घेणारे मॉड्यूल) बदलले, कनेक्टर पुसले, रिसीव्हरजवळच्या ॲम्प्लिफायरचा गेन वाढवला. दोन रात्री वाया! ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो, स्वतःचा घालतो तो वेगळाच. मुळात त्याच्याकडे येणारा सिग्नलच क्षीण होता.

मग ॲम्प्लिफायर बंद केला, दोन्ही टोकांचे पॅचकॉर्ड (जोडणीच्या छोट्या केबल) काढले आणि त्याच फायबरवर ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश घटतो ते आलेखावर दाखवणारं यंत्र) आधी 1310, नंतर 1550 नॅनोमीटर तरंगलांबीवर चालवला. एका जॉइंटवर आलेखात 1310 ला जेमतेम पायरी (म्हणजे घट), 1550 ला मोठी. वाकलेल्या फायबरमधून 1550 चा प्रकाश जास्त गळतो. म्हणजे स्प्लाइस (फायबरचा जोड) ठीक, फायबर वाकलेली. क्लोजर (जोडावरचा डबा) उघडला तर ट्रेच्या झाकणाखाली वेटोळं चेपलेलं. 30 मिलिमीटर त्रिज्येचं सैल वेटोळं करून बसवलं, 1550 वर पुन्हा मोजलं, पायरी गेली. कनेक्टर पुसून जोडले, ॲम्प्लिफायर चालू केला, गेन पूर्ववत. एरर शून्य.