लिलीपॉन्डमधून मिडी काढताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की कुडाळ-मालवणकडच्या भजनी मंडळांत नव्या चाली बसवायची घाई सुरू होते, आणि मुंबईचे चाकरमानी बुवांच्या मागे लागतात की चाल पाठवा, आम्ही इकडे प्रॅक्टिस करतो. लिलीपॉन्ड या स्वरलिपी छापायच्या प्रोग्रॅममध्ये चाल टाइप करून मिडी, म्हणजे सूर वाजवायच्या सूचनांची फाइल, पाठवणं हा यावर खरंच भारी उपाय आहे, फक्त पीडीएफ बरोबर आली म्हणजे मिडीपण बरोबरच असणार असं धरून चालू नका.

मिडी फाइलच येत नसेल तर आधी कंस बघा. मिडी ब्लॉक, म्हणजे मिडी काढायची सूचना, स्कोअरच्या म्हणजे चाल असलेल्या भागाच्या कंसाच्या आत पाहिजे. आणि आत फक्त मिडी ब्लॉकच असेल तर पीडीएफ गायब होते, म्हणून लेआउट ब्लॉकपण, म्हणजे छापायची सूचना, सोबत लिहायचा.

खरा घोळ रिपीटचा. ध्रुपदाला कागदावर रिपीटची खूण व्यवस्थित दिसते, पण मिडीत ती ओळ एकदाच वाजते आणि चाल थेट अंतऱ्यावर जाते, ऐकणाऱ्याला वाटतं असंच आहे, तो तसंच पाठ करतो, मग ऐन डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्यात, बुवा एकीकडे नि कोरस भलतीकडे. यासाठी रिपीट उलगडणारी अनफोल्ड रिपीट्स ही कमांड आहे, पण ती छापायच्या स्कोअरलाच लावलीत तर कागदावरपण सगळं दोन-दोनदा उमटतं. म्हणून चाल एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका नावाखाली, ठेवा आणि दोन स्कोअर करा, एक छापायला नुसत्या लेआउटचा, दुसरा अनफोल्ड लावून नुसत्या मिडीचा. मला हीच पद्धत सगळ्यात सेफ वाटते.

टेम्पोला नुसतं 'मध्य लय' लिहून भागत नाही, आकडा द्या, नाहीतर मिनिटाला ६० क्वार्टर नोट्सच्या वेगानं सगळं रेंगाळत वाजतं.

पेटीचं म्हणाल तर जनरल मिडी या वाद्यांच्या ठरलेल्या यादीतल्या १२८ आवाजांत हार्मोनियम नाहीये, रीड ऑर्गन घ्या, त्यातल्या त्यात तोच जवळचा. सनई आहे, पण नाव यादीतल्या स्पेलिंगप्रमाणेच टाका, एक अक्षर चुकलं तरी पियानो वाजतो.

बुवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत, गात असतील तर ते मथळ्यात लिहून सूर बदलत नाही, ट्रान्सपोज करावं लागतं. तेव्हा सीवरून ई फ्लॅटवर न्या, डी शार्प म्हटलंत तर सूर तोच पण कागदावर डबल शार्पची गर्दी होते.

आणि ग्रुपवर मिडी तशीच टाकू नका. त्या फाइलीत आवाज नसतोच, कुठला सूर कधी नि किती वेळ अशा सूचनाच असतात, त्यामुळे बऱ्याच फोनवर ती उघडतच नाही. फ्लुइडसिंथ या मिडीचा आवाज बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चांगला साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, लावून वेव्ह ही आवाजाची फाइल काढा, तिची एमपी३ करा आणि ती पाठवा.