मराठी नोट्स अंध विद्यार्थ्यांना वाचता येतील अशा कशा कराव्यात

एका अंध विद्यार्थिनीला मी पहिल्यांदा मराठीच्या नोट्स ई-मेलने पाठवल्या, तेव्हा आपले काम झाले अशीच माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी तिने ती फाइल माझ्यासमोर उघडली आणि ‘मराठी’ हा शब्द स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या संगणकप्रणालीला) एकेक अक्षर वाचायला लावला. यंत्र म्हणाले : ई, जे, के, बी, एच.

दोष यंत्राचा नव्हता. नोट्स कृतिदेवमध्ये टंकित केलेल्या होत्या. कृतिदेव आणि त्याच्यासारखे जुने फॉन्ट फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत साठवतात आणि पडद्यावर तेवढे देवनागरी आकार दाखवतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर साठवलेले वाचतो. म्हणून आपल्या फाइलमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहावी. तिथे देवनागरीऐवजी रोमन अक्षरे उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या प्रणालीत, बदलून घेणे भाग आहे. त्यासाठी फॉन्ट परिवर्तक मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये : पहिली वेलांटी, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांमधला ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ या जागी ते हमखास चुकतात, त्यामुळे एकदा मुद्रितशोधन करावेच लागते. नवा मजकूर मात्र थेट युनिकोडमध्येच टंकित करावा.

पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ छायाचित्र असते. गूगल ड्राइव्हवर ती चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली, की मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती लागतो. तोही तपासूनच द्यावा. युनिकोडमधील पीडीएफमध्येसुद्धा जोडाक्षरे कधीकधी विस्कटतात, म्हणून सोबत वर्डची मूळ फाइल द्यावी. त्या फाइलमध्ये शीर्षक केवळ ठळक करून भागत नाही, त्याला वर्डमधील ‘हेडिंग’ ही शैली लावावी लागते. तसे केले असेल, तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी वाचनाच्या पद्धतीत (‘ब्राउझ मोड’मध्ये) असताना ‘एच’ ही एकच कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर जाऊ शकतो. अन्यथा चाळीस पानांतला एक मुद्दा शोधण्यासाठी त्याला सगळा मजकूर ऐकत बसावे लागते. आकृती असल्यास तिच्यात काय दाखवले आहे, ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. फाइल तासाच्या आदल्या दिवशी मिळाली, तरच तिचा तासाला उपयोग होतो.

वर्गात फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इकडून तिकडे जाते’ असे आपण सर्रास म्हणतो. (मी अजूनही म्हणतो, आणि वर्ग मला टोकतो.) त्याऐवजी संज्ञेचे नाव घ्यावे आणि फळ्यावर जे लिहितो ते लिहितानाच मोठ्याने वाचावे. पाठ वळवून मात्र बोलू नये, कारण वर्गात ओठ वाचणारा विद्यार्थीही असू शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा असा विद्यार्थी कधी तरी येईल असे न धरता तो येणारच असे धरून चालावे. परीक्षेबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. विद्यापीठाच्या परीक्षेत याकडे सहसा लक्ष असते. विसर पडतो तो आपल्याच अंतर्गत चाचणीत. वीस गुणांच्या चाचणीलाही लेखनिक लागतो, आणि त्याची व्यवस्था चाचणीच्या सकाळी होत नाही. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला एकांतात भेटून लेखनिक हवा की संगणकावर स्वतः लिहायचे आहे हे विचारावे, आणि त्याच भेटीत आपली एक फाइल त्याच्या यंत्रावर उघडून घेऊन ती शेवटपर्यंत ऐकावी.