स्विचवर एसटीपी लावताय? मग रूट कोण ते तुम्हीच ठरवा

गोव्याच्या कळंगुट-कांदोळी पट्ट्यातलं कुठलंही मध्यम हॉटेल घ्या, नेटवर्क एका दमात उभं राहिलेलं नसतं. आधी रिसेप्शन, मग रेस्टॉरंट, मग मागे कॉटेज बांधले म्हणून तिकडे एक स्विच (नेटवर्कच्या केबल एकमेकांना जोडणारा डबा), सीसीटीव्हीवाल्याने स्वतःचा वेगळाच आणून लावला, आणि मग कोणीतरी म्हणतं की एक केबल तुटली तर सगळं बंद पडायला नको, दुसरी पण टाकून ठेवूया. विचार बरोबरच आहे. पण दोन स्विचमधे दोन वाटा झाल्या की लूप झाला, आणि इथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर मरायचं तो आकडा) नसतो, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना जाणारा निरोप, आत शिरला की तो फिरतच राहतो, त्याच्या कॉपी होत राहतात, आणि बघता बघता सगळ्या पोर्टचे दिवे एकाच वेळी फडफडायला लागतात. फोन गेले, बिलिंग गेलं, कॅमेरे गेले.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मधे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधे असताना शोधला, तोच स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, म्हणजे एसटीपी. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवतात, एकाला रूट, म्हणजे झाडाचं मूळ, मानतात, प्रत्येकजण रूटकडे जायची सगळ्यात स्वस्त वाट धरतो आणि जास्तीच्या वाटा ब्लॉक होतात. चालू वाट तुटली की ब्लॉक केलेली उघडते.

आता मुख्य मुद्दा. एसटीपी नुसतं चालू असणं म्हणजे सेटिंग झालं असं नाही. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते, बरोबरी झाली की ज्याचा मॅक अॅड्रेस (स्विचला कंपनीनेच दिलेला ओळख क्रमांक) सगळ्यात लहान तो रूट, आणि लहान मॅक बऱ्याचदा जुन्या स्विचचा निघतो. म्हणजे पंपाच्या खोलीतला जुना, धूळ खात पडलेला १०० एमबीचा स्विच तुमच्या अख्ख्या हॉटेलचा रूट होऊन बसतो, आणि रिसेप्शन ते रेस्टॉरंट ट्रॅफिक त्याच्यातून फिरून जाऊ शकतं. हे टाळायचं तर रूट आपण निवडायचा, नशिबावर सोडायचं नाही.

आधी कागदावर चित्र काढा, कुठला स्विच कुठे, कुठली केबल कुठून कुठे, कुठे फायबर कुठे कॉपर. ज्या स्विचला राउटर जोडलेला आहे आणि जो यूपीएसवर आहे तो रूट करा, त्याच्या बाजूचा दुसरा चांगला स्विच बॅकअप रूट. काम हाती घ्यायचं तर पावसाळ्यात घ्या, रूम रिकाम्या असतात, मोड बदलताना थोडा वेळ नेट गेलं तरी चालतं. ऑक्टोबरनंतर कोणी हात लावू देणार नाही.

मग प्रत्येक स्विचवर लॉगिन करून बघा एसटीपी चालू आहे का. सिस्कोच्या कॅटॅलिस्टवर आधीपासून चालू असतं, पण वेब पेजवरून चालणारे जे स्मार्ट स्विच आपल्याकडे सगळीकडे दिसतात, डी-लिंक, टीपी-लिंक वगैरे (डी-लिंक इंडियाचं रजिस्टर्ड ऑफिस तर आपल्या वेर्ण्यातच आहे), त्यांच्यातल्या बऱ्याच मॉडेलवर ते बंद असतं, ग्लोबल सेटिंगमधे जाऊन चालू करावं लागतं. व्हर्जन निवडताना जुनं एसटीपी नको, आरएसटीपी (रॅपिड, म्हणजे जलद एसटीपी) घ्या. जुन्यात मॅक्स एज (जुनी माहिती धरून ठेवायची मुदत) २० सेकंद आणि फॉरवर्ड डिले (पोर्ट उघडण्याआधीची वाट) १५ सेकंद दोनदा, म्हणजे केबल तुटल्यावर ३० ते ५० सेकंद सगळं थांबतं. २००१ मधे आलेलं आरएसटीपी हेच काम साधारण एक-दोन सेकंदात उरकतं. टायमरना मात्र हात लावू नका, आहेत तसेच राहू देत.

सिस्को आणि बाकीचे स्विच मिसळलेले असतील तर एक अडचण येते. सिस्को दर व्हीलॅनचं (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचं) वेगळं झाड चालवतो, बाकीच्यांना ते कळत नाही. अशा ठिकाणी मला सगळीकडे एमएसटीपी (अनेक व्हीलॅनना एकच झाड वापरू देणारा, आरएसटीपीइतकाच जलद प्रकार) लावणंच सरळ वाटतं. सिस्कोवर कॉन्फिग मोडमधे 'स्पॅनिंग-ट्री मोड एमएसटी', मग रूटवर 'स्पॅनिंग-ट्री एमएसटी ० प्रायॉरिटी ४०९६', बॅकअपवर ८१९२. वेब पेजवाल्यांवर हाच आकडा ब्रिज प्रायॉरिटीत टाका. आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो आणि जितका लहान तितका मान मोठा. सगळे सिस्कोच असतील तर 'स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी' आणि प्रत्येक व्हीलॅनला प्रायॉरिटी.

आता पीसी, प्रिंटर, कॅमेरे जिथे लागतात ते पोर्ट. तिथे पोर्टफास्ट, म्हणजे वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग, लावा, काही कंपन्या त्याला एज पोर्ट म्हणतात. नाही लावलं तर पीसी चालू केल्यावर पोर्ट ३० सेकंद अडकून बसतो, तेवढ्यात डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) थकून जातं आणि रिसेप्शनवरून फोन येतो की आयपी मिळत नाही. दुसरं कारण किनाऱ्यावरच्या लोकांनी खास लक्षात घ्यावं. खाऱ्या हवेने आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात, लिंक जाते-येते जाते-येते, आणि पोर्ट एज नसेल तर ती दरवेळी वर आली की टोपोलॉजी बदलली असा निरोप अख्ख्या नेटवर्कला जातो, स्विच शिकलेले मॅक अॅड्रेस पुसून टाकतात आणि उगीच फ्लडिंग होतं, म्हणजे फ्रेम सगळ्याच पोर्टवर जातात. एज पोर्ट असला की हा निरोप जातच नाही. दोन स्विचमधल्या अपलिंकवर मात्र पोर्टफास्ट चुकूनही नको.

पोर्टफास्टच्या जोडीला बीपीडीयू गार्ड लावाच, बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारं सेटिंग. टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच असतो, झाडू मारणाऱ्याला लोंबकळणारी पॅच कॉर्ड दिसते, तो चांगल्या मनाने तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमधे खोचतो, झाला लूप. तुमच्या स्विचचा बीपीडीयू तिथून फिरून परत आला की गार्ड तो पोर्ट बंद करतो आणि बाकीचं हॉटेल वाचतं. सिस्कोवर पोर्ट 'एरर-डिसेबल्ड' दिसेल, आधी ती कॉर्ड काढा आणि मगच 'शटडाउन', 'नो शटडाउन' करा. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, त्यांच्यासाठी लूपबॅक डिटेक्शन (लूप ओळखणारं) किंवा स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टवर मर्यादा घालणारं) सेटिंग असेल तर तेही लावा.

एवढं झाल्यावरच दुसरी केबल जोडा, आधी नाही. मग 'शो स्पॅनिंग-ट्री' मारा. रूटवर 'धिस ब्रिज इज द रूट' असं यायला हवं आणि त्याचे सगळे पोर्ट डेझिग्नेटेड (चालू, पुढे पाठवणारे) दिसायला हवेत, बाकी प्रत्येक स्विचला एकच रूट पोर्ट (रूटकडे जाणारा), आणि तुमच्या रिंगमधे कुठेतरी एक पोर्ट 'आल्टर्नेट, ब्लॉकिंग'. तो ब्लॉक झालेला पोर्ट बघून घाबरू नका, त्याचसाठी तर सगळं केलं. आता एका लॅपटॉपवर पिंग चालू ठेवून मुख्य केबल हाताने उपसा. एक-दोन पिंग चुकून परत चालू झालं तर बरोबर, अर्धा मिनिट गेलं तर कुठलातरी स्विच अजून जुन्या एसटीपीवर आहे, तो शोधा. केबल परत लावून पुन्हा बघा, कॉन्फिग सेव्ह करा, नाहीतर पहिल्या गडगडाटात लाईट गेली की सगळं पुसलं जाईल. आणि रूट स्विचच्या अंगावर मार्करने 'रूट' लिहून ठेवा, पुढच्या माणसाने तो न विचारता काढू नये म्हणून.