काल एकत्र डबा खायचो, आज त्याचंच रेटिंग लिहायचंय

कारखान्यात नऊ वर्षं ऑपरेटर होतो, मग लाईन लीडर म्हणजे लाईनवरच्या माणसांचा प्रमुख झालो आणि पहिल्याच महिन्यात ज्याच्यासोबत रोज डबा खायचो त्याच मित्रावर सगळ्यांसमोर ओरडलो, कारण सेकंड शिफ्टला रिजेक्शन म्हणजे खराब निघणारे पार्ट वाढलेले आणि वरून फोनवर फोन. तो काहीच बोलला नाही, दुसऱ्या दिवसापासून टेबल बदललं. नवीन लीडर झालेल्यांनी तरी ही चूक करू नये म्हणून लिहितोय.

पहिलं काम, तोंड उघडायच्या आधी आपल्याला नेमकं काय होतंय ते मनात शब्दात म्हणा. मला वाटत होतं मला राग आलाय, पण खरं तर भीती होती, की ही जागा काढून घेतील. २००७ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन यांच्या टीमने मेंदूचे स्कॅन काढून बघितलं, चेहऱ्यावरच्या भावनेला लोकांनी नाव दिलं की अमिग्डाला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत होतो. मी आता लाईनवर जायच्या आधी पाणी पितो आणि मनात म्हणतो "घाबरलोय", आणि आवाज आपोआप खाली येतो.

मग बोला, त्याच शिफ्टमध्ये पण त्याच मिनिटाला नाही, आणि बाजूला घेऊन. "तू हल्ली लक्षच देत नाहीस" असं म्हटलं की माणूस भांडायलाच उभा राहतो. "मंगळवारी दोनदा गेज (माप तपासायचं साधन) लावायचा राहिला, काय झालं होतं रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे पण तिथेच खरं बाहेर येतं. माझ्या मित्राच्या आईचं डायलिसिस चालू होतं, रात्रीची झोपच नव्हती, आणि मला ते माहीतच नव्हतं.

सगळ्यांसमोर ओरडला असाल तर माफीही सगळ्यांसमोरच मागा, मी चहाच्या वेळी मागितली. कारण नुकसान एकाचं नसतं, बाकीचे बघत असतात आणि मग खराब पार्ट दाखवायच्या ऐवजी लपवायला लागतात. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद उलट जास्त निघाली, कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते.

वयाने मोठ्या माणसाला थेट ऑर्डर देऊ नका, "काका, हे सेटिंग तुम्ही कसं कराल?" असं आधी विचारा, खरंच ऐका, मग निर्णय तुमचाच घ्या.

आणि प्रत्येक गोष्ट आपण मिटवायची नसते. एखाद्या ताईने छेडछाडीची तक्रार सांगितली तर दोघांना बसवून समेट करायला जाऊच नका प्लीज. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, लेखी तक्रार घटनेपासून साधारण ३ महिन्यांच्या आत द्यायची असते, तिला तिथपर्यंत पोचवा आणि बाहेर कुठे बोलू नका.

राहिलं मित्राच्या वर्षभराच्या कामाचं रेटिंग. रजिस्टरमधले आकडे बघूनच ते लिहिणार हे त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा, ओव्हरटाईमची पाळी बोर्डवर लावा म्हणजे कुणी आपला-परका म्हणणार नाही. मी त्याला त्या वर्षी मधलं रेटिंग दिलं, आधी समोर बसून आकडे दाखवले मगच सबमिट केलं. दोन दिवस तो नीट बोलला नाही, तेवढा वेळ द्यावा, मागे लागू नये.