शरद ऋतूत घरच्या घरी गोधडी शिवताना

घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुऊन निघते, तेव्हाच विटलेली पण विरलेली नसलेली सुती नऊवारी लुगडी आणि धोतरे गोधडीसाठी बाजूला काढावीत. ती गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण निघेपर्यंत धुवावीत आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात खडखडीत वाळवावीत, कारण आत जराही ओल राहिली तर गोधडीला कुबट वास लागतो. सिंथेटिक साडी आतील थरांत घालू नये. ती घाम शोषत नाही आणि टाक्याखाली सरकते.

स्वच्छ जमिनीवर अस्तर ताणून पसरावे, त्यावर जुन्या कापडांचे तीन-चार थर सुरकुती न ठेवता अंथरावेत, वर चांगले कापड घालावे आणि मोठे कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र टाचावेत. कडा आत दुमडून शिवल्यानंतर जाड सुती दोऱ्याने काठापासून धावदोरा सुरू करावा व चारही बाजूंनी फिरत, दोन ओळींत साधारण बोटभर अंतर ठेवून, मध्याकडे यावे. डावा हात कापडाखाली ठेवला, म्हणजे सुई सर्व थरांतून आरपार गेली आहे का, हे बोटाला लगेच कळते. दोरा फार ओढल्यास चुण्या पडतात. मशीनची शिलाई लवकर होते, परंतु हाताच्या टाक्यांचा मऊपणा तिला येत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोपऱ्यांवर रंगीत त्रिकोणी तुकडे लावल्यास ते लवकर उसवत नाहीत. कच्चे टाके सर्वांत शेवटी काढावेत.