हापूसचं कोय कलम, आमच्या रत्नागिरीकडच्या पद्धतीनं

रायवळ, म्हणजे बाठ्यापासून वाढलेल्या गावठी आंब्याचे ताजे बाठे (कोयी) जूनमध्ये गादीवाफ्यावर लावा. वाळलेला बाठा उगवत नाही. रोपाची पानं तांबूस, कोवळी असतानाच कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की मी ते रोप बाजूला टाकतो.

खरी मेहनत काडी, म्हणजे रोपावर जोडायची फांदी, निवडण्यात. भरपूर धरणाऱ्या हापूसची, तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. आठवडाभर आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापा, डोळा छान भरतो. काडी नि रोप जाडीला सारखी हवीत. बाठ्याच्या वर सात-आठ सेंटिमीटरवर रोप छाटून मधोमध चार सेंटिमीटर चीर द्या, काडीला तेवढीच पाचर काढून ती चिरेत बसवा. सुरी एकाच ओढीत चालली पाहिजे. गिरवत बसलात तर काप ओबडधोबड होतो. निदान एका बाजूची साल सालीला भिडू द्या. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, बाठ्यासकट पिशवीत लावून सावलीत ठेवा.

जोडाखालचा प्रत्येक धुमारा खुडा, नाहीतर हापूसऐवजी रायवळ वाढेल. शेतात लावल्यावर पहिली तीन वर्षं मोहोरही काढायचा. घरच्यांना पटत नाही, तरी काढायचाच.